रात्रीचा स्वयंपाक : एक मुख्य पदार्थ आणि एक तोंडीलावणे

रोजच्या रात्रीच्या स्वयंपाकाला वेळ लागतो तो शिजवण्यात फारसा नाही. ओट्यासमोर उभे राहून आज काय करायचे हे ठरवण्यात, लसूण सोलण्यात, आयत्या वेळी संपलेले दाण्याचे कूट करण्यात आणि तीन-चार पदार्थ एकाच वेळी सांभाळण्यात तो जातो. पोळी, दोन भाज्या, वरण, भात, कोशिंबीर असे पान सणावाराला किंवा सुटीच्या दुपारी शोभते. परंतु कामावरून सात वाजता परतणाऱ्या माणसाने आठवड्यातले पाच दिवस ते मांडायचा अट्टाहास केला, की तिसऱ्या दिवशी बाहेरून काहीतरी मागवले जाते आणि महिन्याचा हिशेब बिघडतो. त्याऐवजी डाळ, पीठ किंवा कडधान्य ज्याच्या पोटातच आहे असा एक मुख्य पदार्थ करावा, त्याच्या जोडीला एक झणझणीत किंवा आंबट तोंडीलावणे आणि एक कच्ची गोष्ट, म्हणजे कांदा, मुळा किंवा काकडी ठेवावी, आणि तेवढ्यावर जेवण पुरे झाले असे मानावे. पिठले-भाकरी, खिचडी-कढी, वरणफळे, उसळ-भात ही आपल्याकडची जेवणे याच हिशेबाने घडलेली आहेत. त्यात महाग असे काही नसते, आणि त्यांची चव बहुतांशी फोडणीवर अवलंबून असते.

पुढची सर्व प्रमाणे चार जणांसाठी आहेत. वाटी म्हणजे आमटीची, साधारण दीडशे मिलिलिटर पाणी मावणारी वाटी धरावी. मिठाचे आणि तिखटाचे प्रमाण मुद्दाम दिलेले नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या घरचे ठरलेले असते.

आठवड्याची तयारी

सुटीच्या दिवशी तासभर काढून काही गोष्टी करून ठेवल्या, की रात्रीचा अर्धा स्वयंपाक आधीच झालेला असतो. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, गार झाल्यावर साले पाखडून, भरड कूट करावे. मिक्सर एकसारखा फिरवला तर दाण्यांना तेल सुटून गोळा होतो, म्हणून तो थांबत थांबत फिरवावा. लसणाचे तीन-चार गड्डे सोलून कोरड्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. दोन मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर तांबूस परतावेत, त्यात पाऊण वाटी भाजलेले किसलेले सुके खोबरे, लसूण आणि आले घालून वाटण करावे आणि त्याचे लहान लहान गोळे फ्रीजरमध्ये गोठवावेत. अंड्याचे कालवण, मसूर, वाटाण्याची उसळ यांपैकी कशालाही त्यातला एक गोळा पुरतो. कोथिंबीर निवडून, धुतली असल्यास पूर्ण कोरडी करून, कागदात गुंडाळून ठेवल्यास आठवडाभर टिकते. लसणाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी घरात असली, तर तोंडीलावण्याचा प्रश्न वेगळा सोडवावा लागत नाही.

भाजी घेताना यादी घेऊन जाण्यापेक्षा बाजारात काय स्वस्त आहे ते पाहून ठरवावे. हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत आणि ओला वाटाणा भरपूर येतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला पालेभाजी महाग आणि चिखलाने माखलेली असते, तेव्हा कडधान्ये, बेसन आणि सुकवलेल्या जिनसांवर भर द्यावा. संध्याकाळी बाजार उठताना विक्रेते पालेभाजीच्या जुड्या कमी भावात देऊन टाकतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. मात्र अशी जुडी त्याच रात्री निवडून वापरली तरच ती स्वस्त पडते.

पिठले

हाताशी फक्त वीस मिनिटे असतील तर पिठल्याला पर्याय नाही. हरभऱ्याची डाळ शिजायला आधी भिजवावी लागते, पण तीच डाळ दळून बेसन झाली की पाण्याबरोबर सात-आठ मिनिटांत शिजते, आणि दीड वाटी बेसनात चार माणसे पोटभर जेवतात. इतके सोपे असूनही पिठले पुष्कळ घरी बिघडते, आणि त्याची कारणे बहुधा दोनच असतात: फोडणीत केलेली तेलाची काटकसर आणि पीठ नीट शिजण्याआधीच खाली उतरवण्याची घाई.

कढईत तीन मोठे चमचे तेल चांगले तापवावे. तापले की नाही हे पाहण्यासाठी मोहरीचे दोन-चार दाणे टाकावेत. ते लगेच तडतडले तरच बाकीची मोहरी घालावी, कारण न तडतडलेली मोहरी पदार्थात कडवट लागते. मोहरीचा आवाज ओसरू लागला की जिरे आणि हिंग, मग ठेचलेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि चार-पाच हिरव्या मिरच्यांचे तुकडे घालावेत. लसणाच्या कडा तांबूस होऊन त्याचा वास घरभर सुटला की दोन बारीक चिरलेले कांदे घालावेत आणि ते मऊ होईपर्यंत परतावेत. हळद सर्वांत शेवटी घालावी, कारण ती कडक तेलात क्षणात जळते आणि पिठल्याचा रंग मळकट होतो.

यापुढे दोन पद्धती आहेत. पहिलीत दीड वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवून घ्यावे, फोडणीत अडीच वाट्या पाणी आणि मीठ घालून त्याला खळखळून उकळी आणावी आणि कालवलेले पीठ एका हाताने धारेने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. दुसरीत फोडणीत सगळे साडेचार वाट्या पाणी घालून उकळावे आणि कोरडे बेसन मुठीने वरून पेरत पेरत रवीने किंवा डावाने घोटावे. या पद्धतीत थोड्या गुठळ्या राहतातच, पण त्या आतून शिजलेल्या असतील तर खाताना गोड लागतात, आणि गुठळ्यांचेच पिठले हवे असा आग्रह धरणारी माणसे काही कमी नाहीत. माझ्या मते पहिली पद्धत नवख्याने आणि दुसरी सवय झाल्यावर वापरावी. पीठ पडले की मिश्रण लगेच घट्ट होते आणि झाले असे वाटते, परंतु तेव्हा ते कच्चेच असते. आच मंद करून, झाकण ठेवून, पाच ते सात मिनिटे वाफ काढावी. पिठल्यावर चकाकी आली, कढईच्या कडेला तेल दिसू लागले आणि कच्च्या बेसनाचा वास पूर्ण गेला की ते झाले. कढईच्या तळाला लागलेली खरपूस खरवड काढून टाकू नये. ती कोणाला मिळावी यावरून घरात भांडण होणे हीच पिठले जमल्याची खूण आहे.

पाणी निम्म्याहून कमी केले आणि कांदा दुप्पट घेतला की त्याचाच झुणका होतो, जो कोरडा असल्याने डब्यातही नेता येतो. पाण्याऐवजी आंबट ताक वापरल्यास चव अगदी बदलते. कोकणात कुळथाचे पीठ वापरतात. ते पिठले पातळ करतात, त्यात आमसूल आणि थोडे ओले खोबरे घालतात आणि ते भाकरीपेक्षा गरम मऊ भाताबरोबर अधिक रुचते. कुळथाचे पीठ भाजलेल्या कुळथाचे असल्याने त्याचा वास मुळातच खमंग असतो, परंतु निवल्यावर ते फार घट्ट होते, म्हणून चार वाट्या पाण्याला अर्ध्या वाटीहून अधिक पीठ घेऊ नये.

भाकरीची धास्ती ज्यांना वाटते त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ ताजे असावे आणि ते कढत पाण्यात मळावे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि त्याची भाकरी थापतानाच कडेने फाटते. अशा वेळी आपला हात दोषी नसून पीठ दोषी आहे असे समजावे. एकेका भाकरीपुरतेच पीठ मळून तळहाताने रगडून घ्यावे, थापून तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवावा, ते पाणी सुकत आले की उलटावी आणि दुसरी बाजू शेकल्यावर आचेवर धरून फुगवावी. वेळ अगदीच नसेल तर पिठले भाताबरोबर किंवा सकाळच्या पोळीबरोबर खाण्यात काहीही उणे नाही.

खिचडी आणि कढी

खिचडीला आजारी माणसाचे जेवण म्हणून नाक मुरडले जाते, ते बहुधा तिच्यात हळद-मिठाखेरीज काहीच घातलेले नसते म्हणून. दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची डाळ एकत्र धुऊन निथळत ठेवावी. कुकरमध्येच दोन चमचे तेलाची फोडणी करून त्यात कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे, एक कांदा आणि असल्यास बटाटा, वांगे किंवा वाटाणा घालावा, मग डाळ-तांदूळ घालून दोन मिनिटे कोरडेच परतावेत. त्यावर सात वाट्या कढत पाणी, मीठ, दीड चमचा गोडा मसाला आणि लिंबाएवढा गूळ घालावा. गोडा मसाला पाणी घातल्यानंतरच टाकावा. तेलात टाकल्यास त्यातले तीळ-खोबरे आणि दगडफूल करपते. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. वाढताना वर साजूक तूप, ओले खोबरे आणि कोथिंबीर घालावी.

खानदेशात आणि विदर्भात हीच खिचडी तुरीच्या डाळीची करतात आणि गोड्या मसाल्याऐवजी लसूण व लाल तिखटावर भर देतात. पानात वाढलेल्या खिचडीवर लसूण आणि सुक्या लाल मिरच्यांची कडकडीत फोडणी चमच्याने ओततात, शेजारी भाजलेला पापड आणि कच्चा कांदा असतो. घरात लहान मुले असतील तर ही रीत फार सोयीची पडते, कारण खिचडी सर्वांसाठी एकच होते आणि तिखट ज्याने त्याने आपापल्या पानात घ्यायचे असते.

कुकरविषयी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. बंद कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि म्हणूनच डाळ लवकर शिजते; पण पुरेसा दाब आल्यावर आच मोठी ठेवून तापमान आणखी वाढत नाही, फक्त वाफ शिट्टीतून निघून जाते आणि गॅस जळतो. म्हणून पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करावी. तूरडाळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवून ठेवली तर शिट्ट्याही कमी लागतात. घरी आल्याबरोबर, कपडे बदलण्याच्याही आधी, डाळ भिजत घालण्याची सवय लावून घ्यावी.

खिचडी कुकरमध्ये असताना कढी सहज होते. एक वाटी आंबट दही, तीन वाट्या पाणी आणि दीड मोठा चमचा बेसन एकत्र घुसळावे, त्यात वाटलेले आले-मिरची आणि चवीपुरती साखर घालून मंद आचेवर सतत ढवळत गरम करावे. बेसनामुळे कढी फुटत नाही, परंतु ढवळणे सोडून मोठ्या आचेवर उकळत ठेवली तर बेसनही तिला वाचवू शकत नाही. एक उकळी येऊ लागली की आच अगदी कमी करावी, चार-पाच मिनिटांनी मीठ घालावे आणि तुपात जिरे, हिंग, चार मेथीदाणे व कढीपत्ता यांची फोडणी वरून द्यावी.

वरणफळे

सकाळची थोडी कणीक उरलेली असेल किंवा पोळ्या लाटण्याचा कंटाळा आला असेल, त्या दिवशी वरणफळे करावीत. पश्चिम महाराष्ट्रात यांना चकोल्या म्हणतात. एक वाटी तूरडाळ मऊ शिजवून घोटून घ्यावी. दीड वाटी कणकेत हळद, तिखट, मीठ, ओवा आणि एक चमचा तेल घालून घट्ट मळावे. मोठ्या पातेल्यात मोहरी, जिरे, हिंग, लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात डाळ, पाच वाट्या पाणी, चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला घालून आमटी उकळावी. ही आमटी नेहमीपेक्षा बरीच पातळ असली पाहिजे, कारण फळे शिजताना पुष्कळ पाणी पितात.

आमटी उकळत असताना पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत आणि खळखळत्या आमटीत एकेक करून सोडावेत. सर्व तुकडे एकदम ओतले किंवा उकळी बसलेली असताना घातले तर त्यांचा लगदा होतो. एका पोळीचे तुकडे सोडून झाले की ढवळून मगच दुसरी लाटावी. शेवटचा तुकडा पडल्यावर दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे. तुकडा मोडून पाहिला असता मध्ये पांढरी कच्ची रेघ दिसता कामा नये. हे जेवण थांबून राहत नाही. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटांत सर्वांना पानावर बसवावे, खोलगट ताटलीत वाढून वर भरपूर तूप आणि चिमूटभर दाण्याचे कूट घालावे. शेजारी लोणच्याची फोड असली की आणखी कशाची गरज नाही.

उसळ आणि मसूर

उसळ झटपट होते, पण तिचा विचार दोन दिवस आधी करावा लागतो. मटकी आठ ते दहा तास भिजवून, निथळून, ओलसर फडक्यात बांधून ठेवली की उन्हाळ्यात रात्रभरात आणि थंडीत त्याहून बऱ्याच उशिराने मोड येतात. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहते. फोडणीवर कांदा परतून मटकी घालावी, वर झाकण म्हणून खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतावे आणि तेच गरम झालेले पाणी लागेल तसे उसळीत घालावे. यामुळे उसळ करपत नाही आणि गार पाण्याने तिचा शिजण्याचा वेगही मोडत नाही. चिंच किंवा आमसूल मात्र दाणा शिजल्यानंतरच घालावे, कारण आंबटामुळे कडधान्य शिजायला फार वेळ लागतो. तूरडाळीत टोमॅटो आधीच घालून मग डाळ शिजत नाही म्हणणाऱ्यांनी हेच ध्यानात घ्यावे.

भिजवायचे विसरलेच असेल तर अख्खा मसूर कामी येतो. तो कढत पाण्यात अर्धा तास ठेवून वाटणाच्या एका गोळ्यासह कुकरमध्ये चार शिट्ट्यांत होतो.

पालेभाजी पुरवण्याची रीत

एका जुडीत चार माणसांचे भागत नाही, ही तक्रार पीठ पेरून सुटते. मेथी, शेपू, कांद्याची पात किंवा ढोबळी मिरची तेलावर अर्धवट शिजली की तिच्यावर चार-पाच चमचे बेसन पेरावे, पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवून दोन वाफा काढाव्यात. बेसन कोरडेच थोडे भाजून घेतलेले असेल तर भाजी अधिक मोकळी होते. पालक आणि चाकवतासाठी दुसरी रीत बरी: पाला शिजवून घोटावा, त्यात ताकात कालवलेले बेसन, भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे घालून पातळ भाजी करावी, वरून लसणाची फोडणी द्यावी. ही भाजी आमटीचे काम करते, त्यामुळे त्या दिवशी वरण करावे लागत नाही.

अंडी आणि सुकट

मांसाहारी घरांत अंड्याचे कालवण अर्ध्या तासात होते. अंडी उकडून, सोलून घेण्याची आवश्यकता नाही. फोडणीत वाटणाचा गोळा तेल सुटेपर्यंत परतून, कांदा-लसूण मसाला आणि चार वाट्या गरम पाणी घालून रस्सा उकळावा. आच मंद करून प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून, मग रश्श्याच्या अगदी जवळ नेऊन अलगद सोडावे आणि झाकण ठेवावे. पाच-सहा मिनिटे डाव अजिबात घालू नये. अंडी अखंड राहतात आणि उकडलेल्या अंड्यांपेक्षा रस्सा अधिक धरतात. किनारपट्टीवर आणि मुंबईत सुकट, म्हणजे सुकवलेला जवळा, सहज मिळतो. तो निवडून, कोरडाच तव्यावर भाजून, पाण्यातून झटकन काढावा आणि भरपूर कांदा, लसूण, लाल तिखट व दोन आमसुले यांच्याबरोबर परतावा. भाकरीला यासारखे तोंडीलावणे नाही, आणि मूठभर सुकट सर्वांना पुरते. शेजाऱ्यांना वास खपत नसेल तर खिडकी उघडण्यापूर्वी त्याचा विचार करावा.

उरलेल्याचे काय करावे

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. जेवणे झाल्यावर, फार तर दोन तासांच्या आत, तो पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी फोडणीचा भात करताना पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावा. उरलेल्या पोळ्या हाताने कुस्करून कांदा, मिरची आणि दाण्याच्या कुटासह परतल्या की कुस्करा होतो. वरून पाण्याचा शिपका देऊन झाकण ठेवल्यास तो कोरडा पडत नाही. घट्ट वरण उरले तर त्यातच थालीपिठाची भाजणी, चिरलेला कांदा आणि तिखट घालून, वेगळे पाणी न घेता पीठ भिजवावे. थालीपीठ थापून मध्ये पाच भोके पाडावीत, प्रत्येक भोकात आणि कडेने तेल सोडावे, आणि झाकण ठेवून मंद आचेवर खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. उसळ उरली असेल तर तिच्यात पाणी आणि तिखट वाढवून दुसऱ्या दिवशी फरसाण घालून मिसळ करता येते. पिठले मात्र पुन्हा गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवूनच तापवावे, नाहीतर ते तळाला धरते.